यादीतले दोन तालुके : कर्जत, खालापूर आणि गुणवत्तेचा जुना वाद

१९५६ साली केंद्र सरकारने अनुसूचित जमातींच्या यादीत दुरुस्ती केली. त्या दुरुस्त यादीत आपल्या भागातील ‘ठाकूर’ जमातीपुढे संपूर्ण राज्याचे नाव नव्हते. अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांची नावे तेवढी होती. कुलाब्याच्या ओळीत कर्जत होते आणि खालापूरही होते.

या ओळीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. माथेरानच्या पायथ्याशी एखाद्या वाडीत राहणारा ठाकूर मुलगा कायद्याने आदिवासी ठरे. त्याचा चुलता पोटासाठी मुंबईला जाऊन तिथेच स्थायिक झाला असेल, तर त्या चुलत्याचा मुलगा आदिवासी ठरत नसे. आजी एक, कुलदैवत एक, लग्नविधी एक. फरक एवढाच की एक रेल्वेच्या या टोकाला राहत होता आणि दुसरा त्या टोकाला. महाविद्यालयातील राखीव जागा, वसतिगृहातील खाट आणि महिन्याची शिष्यवृत्ती या तिन्ही गोष्टी त्या छापील ओळीवर लटकत होत्या.

आजचा धागा थोडा लांब आहे. गुणवत्ता आणि आरक्षण यांवर आपण भांडतो तेव्हा बहुधा प्रवेशाच्या यादीपासून सुरुवात करतो : अमक्याला इतके गुण, तमक्याला तितके, मग जागा कोणाला? मला आज त्या यादीच्या मागे जायचे आहे. परीक्षेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो आणि ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कागदावर मान्य होते, हे या दोन तालुक्यांत दीडशे वर्षांत कसे कसे ठरत गेले, ते पाहू.

सुरुवात बोरघाट चढून करावी लागेल. घाटमाथ्यापलीकडच्या तळेगावी दाभाडे घराण्याने श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा चालवली होती. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात आणली आणि मोठी केली. पेशवाई गेली तरी दक्षिणा गेली नाही. एल्फिन्स्टनने ती रद्द न करता वळवली. १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिला याच पैशाचा आधार होता. कालांतराने या निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे दिली जाऊ लागली आणि महाविद्यालयात ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रातील आधुनिक गुणवत्ता शिष्यवृत्तीची एक मुळी अशी थेट एका जातीपुरत्या दानात रुजलेली आहे. ‘पूर्वी सगळे गुणांवरच चालत असे’ असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील एकदा तपासावा.

आता घाट उतरून खाली येऊ. १८५६ साली कल्याणहून निघालेला लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला. १८६३ मध्ये बोरघाटातील चढण पूर्ण होऊन पुणे आणि मुंबई एका रुळावर आली. घाटाच्या वाटेवर ‘ठाकूरवाडी’ नावाचे रेल्वेचे ठाणे आहे. ज्यांच्या वाडीवरून नाव घेतले त्यांच्यातले किती जण त्या गाडीने शिकायला गेले, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर लोक हसले असते.

ज्या वर्षी गाडी खोपोलीला आली, त्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, मुंबई इलाख्याच्याच दक्षिण टोकाला धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. फी भरायला तो तयार होता. सरकारचे उत्तर मोठे बोलके आहे. केवळ न्यायाचा विचार केला तर मुलाची बाजू खरी, हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी शाळा उघडली तर बाकीचे सगळे निघून जातील आणि शाळा निरुपयोगी होईल, म्हणून त्याला नकार दिला. वरच्या अधिकाऱ्यांकडून यावर नापसंती आल्यावर १८५८ साली मुंबई सरकारने धोरण जाहीर केले : जी शाळा सर्वस्वी सरकारी खर्चाने चालते ती सर्व प्रजाजनांना खुली राहील, आणि जी शाळा अंशतः अनुदान घेते, तिने जात वा वंश यांमुळे कोणाला शिक्षण नाकारले, तर तिची मदत थांबवण्याचा अधिकार सरकार राखून ठेवील. ‘जात’ आणि ‘वंश’ हे दोन शब्द आपल्याकडील शिक्षणाच्या धोरणात असे शेजारी शेजारी फार लवकर आले.

दार कागदावर उघडले. त्याच सुमारास, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले. चौघांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रानडे-भांडारकरांचे ऋण महाराष्ट्र मानतो आणि मानावेच. पण परीक्षा सर्वांना सारखी असणे आणि परीक्षेला सर्व जण बसू शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळात एका माणसाने जितके स्वच्छ सांगितले तितके नंतरही फार थोड्यांनी सांगितले आहे.

तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. १९ ऑक्टोबर १८८२ या दिवशी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते निवेदन प्रसिद्ध आहे. शालेय पुस्तकांत त्याचा तेवढाच भाग येतो. त्यात शिष्यवृत्त्यांविषयीही एक छोटा मुद्दा आहे, तो मात्र बहुधा वगळला जातो. फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे : काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखाव्यात ज्यांच्यात शिक्षण अजून पसरलेलेच नाही. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य दिसते. पण तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही.

या मांडणीतला विवेक लक्षात घ्या. फुले स्पर्धेला लबाडी म्हणत नाहीत. ती न्याय्य आहे हे ते आधीच देऊन टाकतात आणि मग विचारतात की तिने साधले काय. १८५६ साली धारवाडच्या मुलाला उत्तर देताना सरकारनेही न्याय मान्य केला होता, पण तो बाजूला ठेवण्यासाठी. फुल्यांनी तेच तर्कशास्त्र उलट दिशेने वापरले. आज जगभरच्या न्यायालयांत या विषयावर जे युक्तिवाद चालतात, त्यांचा गाभा या दोन वाक्यांत आहे. मला तर हे निवेदन फुल्यांच्या सर्वांत कमी वाचल्या गेलेल्या आणि सर्वांत टोकदार लेखनात मोडते असे वाटते. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करणाऱ्या लेखकाला जात आणि वंश यांतील साम्य कोणी शिकवावे लागले नव्हते.

त्यांचा दुसरा मुद्दा पैशाचा होता आणि तो कर्जतच्या भातखाचरांपर्यंत पोहोचतो. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. भात पिकवणाऱ्या कुणब्याने, आगऱ्याने, खंडाने जमीन कसणाऱ्या ठाकराने थेट वा आडमार्गाने हा आणा भरला. सरकारी तिजोरीतील मोठा पैसा मात्र उच्च शिक्षणाकडे आणि म्हणून थोड्या घरांकडे गेला. फुल्यांनी हे आयोगाच्या तोंडावर सांगितले. फुकट कोण शिकतो, हा वाद तेव्हापासूनचा आहे. फक्त बोट दाखवण्याची दिशा आता बदलली आहे.

त्याच १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाब्यात आला. खालापूर हा कर्जतचाच पेटा होता. गॅझेटियरने ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वर्णने लिहिली : काय खातात, काय नेसतात, कोणते देव पुजतात, मृतांचे काय करतात. ठाकरांत ‘क’ आणि ‘म’ असे दोन भेद आहेत, हेही नोंदवले. ही वर्णने तेव्हा प्रशासनाच्या माहितीसाठी होती. शंभर वर्षांनी त्यांचे काय झाले ते पुढे येईल; हा धागा मनात ठेवा.

कातकऱ्यांची स्थिती निराळी होती. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून काथ काढणे हा त्यांचा धंदा. नावच त्यावरून पडलेले. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव केले आणि काथाची भट्टी गुन्हा ठरू लागली. जमीन नावावर नाही, जंगल बंद, मग उरली ती कोळशाची, नंतर विटांची भट्टी. खोपोलीत १९१५ साली टाटांचे वीजगृह सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तारांखालच्या वाड्यांत दिवा लागायला पुष्कळ वर्षे जायची होती.

या पार्श्वभूमीवर कर्जत तालुक्याने एक वकील दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मले. शिक्षणासाठी पुणे, मुंबई गाठून ते वकील झाले आणि परत आले. आल्यावर त्यांनी माथेरानच्या आसपासच्या गावांत शेतकऱ्यांसाठी, आदिवासींसाठी शाळा काढल्या. पुढे ‘आझाद दस्ता’ उभारून टाटांच्या विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. त्यांचे हौतात्म्य सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष शाळांकडे जाते. कोणतीही राखीव जागा न घेता, स्वतःच्या बुद्धीवर वर गेलेल्या या माणसाने खाली पाहिले तेव्हा त्याला ‘मी आलो, तुम्हीही या’ असे म्हणावेसे वाटले नाही. आधी शाळा हवी हे त्याला दिसले.

सरकारलाही ते दिसू लागले होते. ५ नोव्हेंबर १९२८ रोजी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. १९३० मध्ये आलेल्या अहवालाने मागासांचे तीन गट वेगळे केले : अस्पृश्य वर्ग, मूळनिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. आजच्या एससी, एसटी, ओबीसी या विभागणीचा आराखडा आपल्या इलाख्यात इथे दिसतो. आंबेडकर स्वतः शिष्यवृत्तीची ताकद आणि मर्यादा दोन्ही जाणत होते. सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. एका राजाच्या मर्जीने एक माणूस जाऊ शकतो, समाज जाऊ शकत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली त्यामागे त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर ती आदिवासींनाही लागू झाली.

‘मॅट्रिकोत्तर’ हा शब्द पुन्हा वाचा. आधी मॅट्रिक व्हायचे, मग शिष्यवृत्ती. वाडीत शाळाच नसेल तर ही योजना ताटात वाढलेल्या पण हात न पोहोचणाऱ्या घासासारखी होती. राज्यात शासकीय आश्रमशाळांचे जाळे विस्तारले ते १९७२-७३ च्या सुमारास.

घटना आल्यावर लगेच पहिला खटका उडाला तो मद्रासला. तिथे महाविद्यालयांच्या दर चौदा जागा समाजांत वाटण्याचा सरकारी आदेश होता : ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांना एक, मुसलमानांना एक. घटनेचे कलम २९ (२) म्हणते की केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून सरकारी वा अनुदानित संस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही. चंपकम दोरायराजन खटल्यात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५ (४) हे कलम आले : सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी विशेष तरतूद करता येईल. फुल्यांचे १८८२ चे म्हणणे एकोणसत्तर वर्षांनी घटनेत उतरले.

मग १९५६ ची यादी आली आणि तालुक्यांची रेषा ओढली गेली. रेषा ओढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ‘ठाकूर’ हे नाव फसवे आहे. उत्तरेत ते जमीनदारांचे, आपल्याकडे अनेक जातींत आडनाव. रायगडातल्या आगरी समाजातही ठाकूर आहेत. सावंतवाडीकडे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला सांभाळणारे ठाकर वेगळे. नावावर विसंबता येत नाही, म्हणून जागेवर विसंबले. पण माणसे चालतात आणि तालुके जागेवर राहतात. कर्जतहून मुंबईला मजुरीला गेलेला ठाकूर गाडीत बसल्याने ठाकूर राहायचा थांबतो काय?

जागेच्या रेषेने माणसे निवडण्याची कल्पना इतरत्रही वापरली गेली आहे आणि तिथला इतिहास अधिक काळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. न्यूयॉर्क, बोस्टन येथील स्थलांतरित ज्यू कुटुंबांची मुले ती परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२२ पर्यंत नव्या वर्गातील त्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांनी ते पंधरा टक्क्यांवर रोखावे असे सुचवले. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला. मग देशाच्या दूरच्या भागांतील विद्यार्थ्यांना परीक्षेविना घेण्याची सोय झाली, आणि १९२६ पासून गुणांसोबत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहिले जाऊ लागले, अर्जाला छायाचित्र लागले. ज्यूंचे प्रमाण घसरले. कोणत्याही नियमात त्यांचे नाव नव्हते. गंमत अशी की पुढे १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी कृष्णवर्णीयांना संधी देण्यासाठी नमुना म्हणून याच हार्वर्डच्या ‘सर्वांगीण’ पद्धतीचा गौरव केला, आणि २९ जून २०२३ रोजी त्याच न्यायालयाने हार्वर्डची वंशाचा विचार करणारी पद्धत घटनाबाह्य ठरवली. एकच हत्यार वगळण्यासाठी आणि सामावण्यासाठी वापरले गेले. म्हणून नियम वाचताना तो कोणाच्या हाती आणि कोणाविरुद्ध, हे पाहावे लागते.

आपल्याकडची तालुक्यांची रेषा १९७६ च्या कायद्याने पुसली. २७ जुलै १९७७ पासून ठाकूर हा महाराष्ट्रात कुठेही राहिला तरी अनुसूचित जमातीचा मानला जाऊ लागला. हे न्याय्य होते. पण रेषा पुसताच ज्या धोक्यासाठी ती ओढली होती तो धोका समोर उभा राहिला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या, त्यांत अनुसूचित जमातींसाठी सात टक्के. नावाचे साम्य असलेल्या, पण जमातीशी संबंध नसलेल्या कुटुंबांनी दाखले काढायला सुरुवात केली. ठाकूर नावाचे झाले, तसे कोळी नावाचे झाले : महादेव कोळी अनुसूचित जमातीत, समुद्रकाठचा सोनकोळी नाही. विदर्भात हलबा आणि हलबा-कोष्टी यांचा तसाच वाद पेटला.

सप्टेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्याचा निकाल दिला. महादेव कोळी म्हणून वैद्यकीय शाखांत प्रवेश मिळवलेल्या दोन बहिणींचा दावा न्यायालयाने फेटाळला. वडिलांच्या शाळेच्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ असे होते. शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेल्या बहिणीला परीक्षेला बसू दिले, दुसरीला जमातीच्या सवलतीवर पुढे शिकता आले नाही. या निकालातूनच आजची जातपडताळणी समित्यांची यंत्रणा उभी राहिली आणि महाराष्ट्राने २००० चा कायदा करून ती पक्की केली. कोकणातील जमातींच्या दाव्यांची तपासणी ठाण्याची समिती करते. आपण अमुक जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने दावेदारावर टाकली.

खोटा दाखला कोणाची जागा घेतो? खुल्या वर्गातील मुलाची नव्हे. ती जागा त्याची नव्हतीच. ती जाते कर्जतच्या, जव्हारच्या, अकोल्याच्या खऱ्या आदिवासी मुलाची. म्हणून पडताळणी हवी, कडक हवी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो पुराव्याच्या स्वरूपाचा.

समिती काय मागते? जमातींची पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ची, म्हणून त्यापूर्वीचा कागद सर्वांत वजनदार. आजोबांच्या शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, महसुली कागद. आता हा प्रश्न खालापूरच्या कातकरवाडीत नेऊन पाहा. १९५० पूर्वी ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांचा शाळेचा दाखला कोठून येणार? ज्यांच्या नावावर घराखालची जमीनही नाही, त्यांचा महसुली उतारा कसा निघणार? ज्या कारणासाठी सवलत दिली, तेच कारण पुराव्याच्या आड येते. दोन पिढ्या शिकलेल्या कुटुंबाजवळ कागद असतात, मग तो दावा खरा असो वा खोटा. शिक्षणाच्या अभावाचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कागद नसणे, आणि तो पुरावा समितीपुढे चालत नाही.

कागद अपुरे पडले की दुसरी कसोटी येते, ‘आप्तभाव चाचणी’. दक्षता पथक घरी येते आणि विचारते : देव कोणते, लग्नात काय करता, बारशाला काय, मृताला पुरता की जाळता, नाच कोणता, बोली कशी. उत्तरे कशाशी ताडून पाहायची? जुन्या वर्णनांशी. १८८२ च्या गॅझेटियरसारख्या नोंदी, एन्थोवेनने १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेले जाती-जमातींचे तीन खंड, १९६० चे ल. ना. चापेकरांचे ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’. त्या त्या लेखकांनी समोर दिसले ते लिहिले. आपण एका प्रवेशपरीक्षेची उत्तरपत्रिका लिहीत आहोत अशी त्यांना कल्पनाही नसणार.

आता विचार करा. आश्रमशाळेत, मग तालुक्याच्या वसतिगृहात, मग मुंबईत वाढलेला अठरा वर्षांचा ठाकूर मुलगा. आजीची गाणी त्याला अर्धवट येतात. घरात आता भटजी बोलावतात. ‘मुख्य प्रवाहात या’ असे त्याला शाळेत दहा वर्षे सांगितले, तो आला, आणि आल्यावर विचारले की तुझ्यात अजून जुने काय शिल्लक आहे? महाविद्यालयाच्या परीक्षेत आधुनिक असणे भाग आणि जमातीच्या परीक्षेत आदिम असणे भाग. उलट पुस्तक पाठ करून येणारा लबाड माणूस ही दुसरी परीक्षा सहज उत्तीर्ण होऊ शकतो.

न्यायालयाला ही विसंगती हळूहळू पटत गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर आणि आधुनिकता यांमुळे जुन्या खुणा पुसट होतात, स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे. मार्च २०१७ मध्ये जयवंत पवार खटल्यात स्पष्ट झाले की क्षेत्राची अट उठल्यावर, तुम्ही त्या जुन्या तालुक्यांतले नाही म्हणून ठाकूरांचा दावा फेटाळता येणार नाही. म्हणजे १९७७ साली कायद्याने पुसलेली रेषा चाळीस वर्षे फायलींत जिवंत होती. आणि २४ मार्च २०२३ रोजी ‘महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती’च्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे, तिच्याकडे इतर पुराव्यांसोबत पाहावे. हार्वर्डचा निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी आला. तिकडे गाजावाजा जगभर झाला. इकडचा निकाल मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवरही फारसा दिसला नाही.

निकालांनी ठाकूर कुटुंबांचा मार्ग काहीसा मोकळा झाला. ज्यांच्याजवळ आजोबांचा कागद आहे त्यांचा अधिक. कातकरी अजून बराच मागे आहे. केंद्राने विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींत तो आहे. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. सात टक्क्यांच्या जागांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कोकणा, भिल्ल, गोंड सगळे एकत्र मोजले जातात. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना मिळाली. जमातींतही तसे करावे काय, यावर आता बोलले जाते. माझे मत विचाराल तर फुल्यांचा प्रश्न इथेही तसाच लागू पडतो. जमातीजमातींतली चढाओढ तत्त्वतः न्याय्य आहे, पण तिने कातकरवाडीत शिक्षण पसरले काय?

त्यात या भागाची आणखी एक अडचण. रायगड जिल्ह्यातला कोणताही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे-पालघरला, जुन्नर-आंबेगावला जे पेसा कायद्याचे संरक्षण मिळते ते कर्जत-खालापूरच्या वाड्यांना नाही. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला. दाखला कर्जतला, प्रकल्प पेणला, पडताळणी ठाण्याला. एकेका हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी जाते.

आज कर्जत-भिवपुरीच्या पट्ट्यात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये उभी आहेत. गाडीतून उतरणारी मुले कल्याणहून, ठाण्याहून, पनवेलहून येतात. त्यांच्या इमारतींना लागणारी वीट ज्या भट्ट्यांतून निघते त्यांवर कातकरी कुटुंबे राबतात. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घ्यायची, भांडीकुंडी आणि मुले घेऊन भट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडावर वाडीत परतायचे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने अशा मुलांसाठी भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवून दाखवल्या होत्या. मुलाचे नाव वाडीच्या शाळेच्या पटावर असते, पहिले सत्र तो बसतोही. दुसऱ्या सत्रात तो चिखल तुडवत असतो किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत असतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये होते, आणि भट्टीवरचा हिशेब मे महिन्यात.